शाळेचं गेट-टुगेदर सगळ्यांना परवडेल असं कसं करावं

पुण्यात दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर ठरायला लागलं की ग्रुपवर पहिला फोटो येतो तो मुळशी नाहीतर पानशेतकडच्या एखाद्या रिसॉर्टचा. पाण्याकाठची लॉन, तंबू, आणि खाली ओळ : ‘माणशी अडीच हजार, सगळं धरून.’ पटापट अंगठे पडतात. काही जण मात्र गप्प राहतात, आणि महिन्याभरात त्यांचे निरोप यायला लागतात. घरी कार्यक्रम आहे, आईला बरं नाही, सुट्टी मिळत नाही. यातले काही निरोप खरे असतात. पण बऱ्याच वेळा अडचण त्या अडीच हजारांची असते, आणि तेवढं ग्रुपवर कुणीच लिहीत नाही.

एका बाकावर बसलेल्यांपैकी आज कुणी आयटीत असतो, कुणी रिक्षा चालवतो, कुणाचं दुकान नुकतंच बंद झालेलं असतं, कुणी घर सांभाळते आणि तिच्या हातात स्वतःचा असा पैसा नसतो. यातल्या कुणालाही ‘मला परवडत नाही’ हे तोंडाने म्हणावं लागू नये, अशी आखणी करता येते. पहिल्यांदाच संयोजन अंगावर घेणाऱ्यांसाठी ती इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी माणसं, मग ग्रुप

चार-पाच जणांची समिती करा. ती पुण्यातल्या सुस्थितीतल्या मित्रांचीच होते, कारण त्यांनाच वेळ असतो आणि तेच रोज भेटतात. तिथेच खर्चाची पातळी ठरून जाते. म्हणून समितीत एक जण बाहेरगावचा घ्या, एखादी गृहिणी घ्या, आणि ज्याचं पोट रोजच्या कमाईवर आहे असाही एक घ्या. ‘रविवारी माझा धंद्याचा दिवस असतो’ हे वाक्य बैठकीत कुणीतरी बोलायला हवं. ते बोलणारा माणूस समितीत नसेल तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

खर्चाची रक्कम ठरवायला ग्रुपवर पोल टाकू नका. पोलमध्ये कुणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं. ज्याला पाचशेसुद्धा जड आहेत तो एकतर मत देत नाही, किंवा बाकीच्यांचं बघून हजारावर बोट ठेवतो. त्याऐवजी गुगल फॉर्म करा, त्यात ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद ठेवा, नाव विचारू नका. तीनच प्रश्न पुरतात : फार विचार न करता किती रक्कम देता येईल (200, 300, 500, 1,000, त्याहून जास्त); येण्या-जाण्याचा खर्च जड वाटतो का; आणि कुठला वार, कुठली वेळ अजिबात जमणार नाही. ज्यांना फॉर्म भरता येत नाही किंवा जे ग्रुपवरच नाहीत, त्यांना फोन करा. फोनवर ‘तुला किती जमेल?’ असं विचारू नका. ‘एक दिवस पुण्याला यायचं म्हटलं तर तुला काय काय जुळवावं लागेल?’ असं विचारा. भाडं, मुलांना कुठे ठेवायचं, बुडणारी रोजी, सगळं आपोआप बोलण्यात येतं.

रक्कम आधी, जागा नंतर

आलेल्या उत्तरांची सरासरी काढू नका. सरासरी काढली की खालचे दहा-बारा जण हमखास बाहेर राहतात. उत्तरं चढत्या क्रमाने लावा आणि अगदी खालच्या टोकाजवळची रक्कम वर्गणी म्हणून धरा.

एक हिशोब मांडून दाखवते. समजा 45 वर्गमित्र येणार आहेत आणि 5 शिक्षक, म्हणजे 50 पानं. जेवण 260 रुपये पान, म्हणजे 13,000. सकाळचा नाश्ता आणि दोन वेळचा चहा माणशी 60, म्हणजे 3,000. शाळेचा हॉल, सफाई आणि शिपायांचं मानधन मिळून 3,500. शिक्षकांचा सत्कार आणि त्यांची ने-आण 3,000. बेरीज 22,500. पंचेचाळिसांत वाटले तर प्रत्येकी बरोबर 500. पण फॉर्ममधून 300 ही रक्कम आली असेल, तर 13,500 जमतील आणि 9,000 कमी पडतील. शिवाय चार-पाच जणांना तेही जमणार नाही असं धरून आणखी 1,500 बाजूला ठेवा. म्हणजे 10,500 रुपये वरून उभे करायचे.

ही वरची रक्कम जाहीर घोषणेच्या आधी जमवायची. ज्यांना सहज शक्य आहे अशा पंधरा-वीस जणांना वेगवेगळे फोन करा आणि मोकळेपणाने सांगा : सगळ्यांना 300 ठेवतोय, वरचे आपण काही जण घालतोय, कुणी किती दिले ते कुठेही लिहिलं जाणार नाही. कुणी 500 देतं, कुणी 2,000. मी हे फोन केले आहेत आणि लोक मनापासून देतात, फक्त त्यांना आधी आणि नीट विचारावं लागतं. रक्कम पुरी झाली नाही तर कार्यक्रम छोटा करा. नाश्ता काढा, फक्त चहा-बिस्किटं ठेवा. वर्गणी मात्र वाढवू नका.

ज्यांनी जास्त दिले त्यांची नावं फ्लेक्सवर टाकायचा मोह समितीतल्या कुणाला तरी होतोच. ‘सौजन्य’ असं लिहून खाली तीन नावं आली की उरलेले बेचाळीस जण पाहुणे होतात. हे होऊ देऊ नका.

तारीख

पुण्यात हॉलचं भाडं लग्नाच्या मुहूर्तांवर चालतं. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, आणि तेव्हा मंगल कार्यालयवाले तुमच्याशी बोलायलाही मोकळे नसतात. पौषात, चातुर्मासात आणि अधिक महिन्यात लग्नं कमी असतात, त्यामुळे कार्यालयं रिकामी असतात आणि भावात घासाघीस करता येते. पितृपक्षातही जागा स्वस्त मिळते, पण काही जणांना त्या दिवसांत असा कार्यक्रम रुचत नाही, तेव्हा विचारून घ्या. गणपतीचे दहा दिवस पूर्ण टाळा. पेठांमध्ये रस्ते बंद असतात आणि बाहेरून येणाऱ्यांचे हाल होतात. शाळेचाच हॉल हवा असेल तर फेब्रुवारी-मार्चही नको, बारावी-दहावीच्या परीक्षांची केंद्रं पडलेली असतात.

रविवार सगळ्यांना सोयीचा असतो हे गृहीत धरू नका. भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, दुकानदारांचा तर रविवार हा कमाईचाच दिवस. तरी बहुतेक वेळा रविवारच ठरतो, आणि त्याला इलाज नाही. मग वेळापत्रक असं आखा की तीन तास आलेला माणूसही सगळ्यांना भेटू शकेल. ग्रुप फोटो अगदी शेवटी ठेवू नका, जेवणाच्या आधी उरका, म्हणजे दुकान उघडायला पळणारा त्यात असतो.

मुख्य म्हणजे तारीख चार महिने आधी ठरवा. तीनशे रुपये एकदम काढणं ज्याला जड जातं त्याला महिन्याला 75 जड जात नाहीत. भिशीची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, तशीच ही लावा. पण हप्त्याची सोय सगळ्यांसाठी ठेवा. मोजक्या चौघांसाठी ठेवलीत तर ती कुणीच घेणार नाही.

जागा

माझं मत स्पष्ट आहे : पहिलं गेट-टुगेदर शहरातच आणि एका दिवसात करा. रिसॉर्टला गेलं की मुक्काम येतो, गाडी येते, मुक्कामाचे कपडे येतात, आणि घरच्यांची परवानगीही येते. बायकांसाठी हा शेवटचा मुद्दा खर्चाइतकाच मोठा असतो.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे आपली शाळा. मुख्याध्यापकांना आणि संस्थेला रीतसर अर्ज द्या. बॅचचं वर्ष, तारीख, वेळ, अंदाजे संख्या लिहा, आणि जेवणानंतरच्या सफाईची जबाबदारी आमची, हे आवर्जून लिहा. बऱ्याच शाळा रविवारी हॉल किंवा दोन वर्ग देतात, कुठे नाममात्र शुल्क असतं. शिपाई आणि सफाई करणाऱ्या मावशी सुट्टीच्या दिवशी येणार असतात, त्यांचं मानधन तुमच्या हिशोबात पहिल्या दिवसापासून धरा. शाळेत भेटण्यात आणखी एक फायदा आहे : तिथे कुणाची गाडी कुठली आणि घड्याळ कुठलं याकडे लक्ष जात नाही, सगळे आपला वर्ग शोधत फिरतात.

शाळा नाही मिळाली तर कुणाच्या सोसायटीचा क्लबहाऊस बघा, सभासदाला तो स्वस्तात मिळतो. त्यानंतर मंगल कार्यालयाचा छोटा हॉल, अर्ध्या दिवसासाठी. महापालिकेच्या बागा फुकट किंवा किरकोळ तिकिटात असल्या तरी जेवण, माईक, मोठा घोळका यांवर बंधनं असू शकतात. आधी उद्यान विभागात विचारल्याशिवाय तिथे ठरवू नका. कुणाला टेकडीवर जायची हौस असेल तर सकाळी लवकर पर्वती किंवा तळजाई करून मग कार्यक्रमाला या. त्याला एक पैसा लागत नाही, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी थेट कार्यक्रमाला यावं.

हॉल निवडताना तो स्वारगेट, शिवाजीनगर किंवा पुणे स्टेशनपासून सहज पोचता येईल असा निवडा. हॉलच्या भाड्यात हजार रुपये वाचवून तो बावधनच्या पुढे घेतलात, तर एसटीने आलेल्या दहा जणांच्या रिक्षाला त्याहून जास्त जातात. हा खर्च समितीच्या वहीत दिसत नाही, त्यांच्या खिशातून जातो. साताऱ्या-कोल्हापूरकडून येणाऱ्या एसटी स्वारगेटला थांबतात, आणि तिथेच मेट्रोचं स्टेशन आहे. मंडई, कसबा पेठ, सिव्हिल कोर्ट हे सगळं मेट्रोने काही मिनिटांवर येतं. सिव्हिल कोर्टला गाडी बदलली की डेक्कन आणि वनाजची बाजूही जोडली जाते.

येण्या-जाण्याचा खर्च

निमंत्रणात पत्त्यासोबत प्रवासाच्या सवलती लिहा. अनेकांना त्या माहीत असतात, तरी लिहिल्याने ‘एसटीने येणं’ ही सगळ्यांसाठीच साधी गोष्ट होते. मार्च 2023 पासून एसटीच्या सर्व बसमध्ये महिलांना अर्धं तिकीट आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट 2022 पासून पूर्ण मोफत. बाहेरगावी स्थायिक झालेल्या शिक्षकांसाठी आणि जुन्या, पासष्टीच्या पुढच्या बॅचसाठी ही माहिती फार उपयोगाची आहे.

रेल्वेचा मेळ घालूनच कार्यक्रमाची वेळ ठरवा. सोलापूरकरांना हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी पुण्यात आणते आणि संध्याकाळी परत नेते. मुंबईकरांना तसाच उपयोग इंद्रायणीचा. डेक्कन क्वीन इथे कामाची नाही, ती सकाळी पुण्याहून मुंबईला जाते. म्हणजे साडेदहा-अकरा ते चार ही वेळ ठेवली की बाहेरचा माणूस मुक्कामाशिवाय घरी पोचतो. कार्यक्रम संध्याकाळी सात ते अकरा ठेवलात तर त्याला लॉजचं भाडं पडतं.

ज्यांना राहावंच लागेल त्यांच्यासाठी पुण्यातल्या घरांची यादी करा : कुणाकडे एक खोली, कुणाकडे दोन गाद्या. मैत्रिणींची सोय मैत्रिणींकडे. गाडीने येणाऱ्यांना वाटेतली गावं विचारा आणि त्यांना थेट सांगा, ‘येताना शिरवळला हिला घे.’ एकट्याने येणाऱ्याला लिफ्ट मागायला लावू नका.

जेवण

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो आणि सगळ्यात जास्त वाचतोही इथेच. मसालेभात, मटार उसळ, पुरी, एक पातळ भाजी, कोशिंबीर, जिलबी आणि मठ्ठा. हे ताट पुण्यात कुणालाही कमी वाटत नाही. पनीरच्या दोन भाज्या, चायनीजचा स्टॉल, आइस्क्रीमचे तीन प्रकार आले की पानाचा भाव चढत जातो आणि निम्मं उरतं.

केटररकडे जाताना चार गोष्टी पक्क्या विचारा. भाव जीएसटी धरून आहे की वेगळा. वाढपी, भांडी, पाणी आणि पत्रावळी त्यातच आहेत का. पोचवण्याचं भाडं वेगळं आहे का. आणि किमान किती पानांचे पैसे द्यावेच लागतील. शेवटचा मुद्दा नवख्यांना नडतो. पन्नास जणांनी ‘येतो’ म्हटलं तरी काही जण ऐनवेळी गळतात, म्हणून किमान आकडा पंचेचाळीसच सांगा आणि दोन दिवस आधी नक्की आकडा कळवा. केटरर पाच-सात पानं जास्तीची सांभाळून घेतात, पण तेही आधी बोलून घ्या. संख्या तीसच्या आत असेल तर पानावर न घेता किलोवर घ्या : मसालेभात इतके किलो, उसळ इतकी, जिलबी इतकी. वाढायला आपण आहोतच. चहा केटररकडून न घेता जवळच्या अमृततुल्यमधून थर्मासमध्ये मागवा.

हॉटेलमध्ये करायचं झालं तर बिलावरची सेवा शुल्काची ओळ बघा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या सूचनांनुसार ती आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. पन्नास जणांच्या बिलात ही रक्कम लहान नसते. वाढप्यांना द्यायचं ते हातात द्या.

‘प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचा’ ही कल्पना पुढे येईल. स्वस्त वाटते, पण मी तिच्या विरोधात आहे. आदल्या रात्री राबतात त्या मैत्रिणीच, बाहेरगावच्यांना काही आणता येत नाही, आणि कुणाच्या डब्यात काय होतं याची तुलना होते. दारूचा खर्च कधीही सामाईक वर्गणीत धरू नका. ज्यांना संध्याकाळी वेगळं बसायचं आहे ते बसतील, त्यांचं बिल त्यांचं.

तारखेला एकादशी किंवा संकष्टी नाही ना, हे कॅलेंडरवर बघून घ्या. उपासाची दहा वेगळी पानं लावावी लागली की खर्च वाढतो.

पैसे गोळा करताना

कार्यक्रम सगळ्यांसाठी खुला आहे की नाही हे खरं तर इथे ठरतं. ग्रुपवर नावांची यादी टाकून पुढे हिरव्या बरोबरच्या खुणा करत जायची पद्धत आहे, ती पूर्ण बंद ठेवा. शेवटी यादीत ज्यांच्यापुढे खूण नाही अशी सहा-सात नावं उरतात आणि ती सगळ्यांना दिसतात. त्यातला एखादा तर ग्रुप सोडूनच जातो, आणि पुन्हा कधी सापडत नाही.

एका व्यक्तीच्या यूपीआयवर पैसे घ्या, हिशोब दुसऱ्या व्यक्तीने लिहावा. कुणी किती दिले हे या दोघांनाच माहीत असावं, समितीतल्या इतरांनाही नाही. ग्रुपवर आठवड्यातून एकदा फक्त एकूण रक्कम टाका. ज्यांना रोख द्यायचे आहेत त्यांच्यासाठी कार्यक्रमाच्या दिवशी प्रत्येकाला एक कोरं पाकीट द्या, आधी भरलेल्यांनाही, आणि दाराशी एक बंद डबा ठेवा. कुणी पाचशे घालतं, कुणी रिकामं पाकीट चिकटवून टाकतं. बाहेरून सगळी सारखीच दिसतात.

निमंत्रणातला मजकूर साधारण असा ठेवा :

‘वर्गणी 300 रुपये. चार महिन्यांत थोडी थोडी भरली तरी चालेल. कुणाला कमी जमत असेल तर कमी भरा, कुणाला जास्त भरायचे असतील तर भरा, कारण सांगायची गरज नाही. खर्चाची पूर्ण सोय झालेली आहे. पैशासाठी कुणीही यायचं थांबू नका. कुणी किती दिले हे कुठेही जाहीर होणार नाही.’

हा मजकूर तेव्हाच टाका जेव्हा वरची रक्कम खरोखर हातात आलेली असेल.

आणि तरीही एखादा म्हणेल, ‘बघतो रे, जमलं तर.’ त्याला समितीने फोन करू नये, त्याच्या सगळ्यात जवळच्या मित्राने करावा. ‘तुझे मी भरतो’ असं कधीही म्हणू नये. ते चांगल्या मनाने म्हटलेलं असतं, पण पुढे दोघांनाही एकमेकांकडे बघणं अवघड होतं. ‘खर्च सगळा निघालाय रे, तू नुसता ये, आपण स्वारगेटवरून बरोबरच जाऊ’ एवढं पुरतं. एकदाच विचारावं. नाही म्हणाला तर त्याचा मान ठेवावा, आणि पुढच्या वेळी पुन्हा बोलवावं.

मागून येणारे खर्च

टी-शर्ट, ठरावीक रंगाची साडी, फेटे, स्मृतिचिन्ह, ड्रोन, डीजे, निवेदक. यातलं एकेक स्वतंत्रपणे ‘फक्त दोनशे’ असतं. मी म्हणेन, यातलं काहीही ठेवू नका. साडीचा रंग ठरवला की ज्यांच्याकडे तो नाही त्यांना साडी घ्यावी लागते. फोटोसाठी बॅचमध्ये कुणीतरी हौशी असतोच, त्याला विचारा.

शाळेला देणगी द्यायची इच्छा असेल तर ती गेट-टुगेदरपासून पूर्ण वेगळी ठेवा. स्टेजवरून आकडे जाहीर करू नका. शिक्षकांच्या सत्कारासाठी पुन्हा वेगळी वर्गणी काढू नका, ती मूळ हिशोबातच आहे. त्यांना घरून आणणं आणि नीट परत पोचवणं हे शाल-श्रीफळापेक्षा जास्त महत्त्वाचं.

नवरा-बायकोंना बोलवायचं की नाही यावर वाद होतो. सहकुटुंब केलं की संख्या दुप्पट आणि खर्चही. पण लहान मुलं असलेल्या मैत्रिणी मुलांशिवाय येऊ शकत नाहीत. जोडीदार नको, मुलं चालतील, असं ठेवा. एक वर्गखोली त्यांच्यासाठी मोकळी करा, सतरंजी आणि रंगाचे खडू ठेवा, आणि मुलांचं पान धरू नका.

ओळखीच्या फेरीत नोकरी, पगार, फ्लॅट यांच्याकडे गाडी वळू नये म्हणून प्रश्न आधी ठरवून द्या : वर्गात कुठे बसायचास, कुठल्या सरांचा मार खाल्लास, शाळेतलं अजून काय जपून ठेवलं आहेस. ज्याच्याकडे सांगायला पद नाही त्याच्याकडेही याची उत्तरं असतात.

हिशोब

आठ दिवसांच्या आत ग्रुपवर टाका. एकूण जमा, एकूण खर्च बाबवार, बिलांचे फोटो, शिल्लक. वर्गणीदारांची नावं नाहीत. उरलेल्या पैशाचं काय करायचं हे कार्यक्रमाच्या आधीच लिहून ठेवा, नाहीतर हजार-बाराशे रुपयांवरून दोन महिने चर्चा चालते. पुढच्या भेटीच्या वरच्या रकमेत ते घालणं सगळ्यात सोपं. जमा करणारा आणि हिशोब लिहिणारा, दोघांनी आपापल्या फोनमधली कुणी किती दिले ती यादी त्याच दिवशी पुसून टाकावी.